व्हिडिओ पोकर : योजना पाहून यंत्र कसे निवडावे?

अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणाऱ्या मराठी मंडळींच्या प्रवासयादीत नायगारा आणि ग्रँड कॅन्यनच्या जोडीला लास वेगासचे नाव आता ठरून गेलेले असते. तेथील कॅसिनोत पाऊल ठेवताच दोन गोष्टी नजरेत भरतात. एक, यंत्रांच्या न संपणाऱ्या रांगा; आणि दुसरी, ‘आज तिप्पट पॉइंट’, ‘चार सारखी पाने आणा, जादा डॉलर न्या’ अशा पाट्या. बहुतेक पर्यटक पाटी वाचतात आणि समोर दिसेल त्या यंत्रापुढे बसतात. वास्तविक पाटीवरील सवलत खरी असली, तरी ती कोणत्या यंत्रावर घ्यायची यावरच तिची किंमत ठरते. सर्व यंत्रांपैकी ही किंमत आधी कागदावर मांडता येते असा खेळ म्हणजे व्हिडिओ पोकर. जुगाराची शिफारस करण्याचा येथे हेतू नाही. मात्र जो खेळणारच आहे, त्याने कशावर पैसे लावतो हे जाणून घेतलेले बरे.

व्हिडिओ पोकरचा प्रसार साय रेड या उद्योजकाने केला. त्यांच्या कंपनीचे ‘ड्रॉ पोकर’ हे यंत्र १९७९ साली बाजारात आले आणि पुढे त्याच कंपनीची आयजीटी झाली. खेळ साधा आहे. यंत्र पाच पाने वाटते, हवी ती ठेवून उरलेली एकदाच बदलता येतात आणि शेवटी हातात जो संच उरेल त्याप्रमाणे पडद्यावरील तक्त्यानुसार पैसे मिळतात. समोर प्रतिस्पर्धी नसतो, त्यामुळे चेहरा वाचणे, थाप मारणे यांतले काही येथे चालत नाही.

या खेळाचे गणित होऊ शकते ते नेवाडा राज्याच्या एका नियमामुळे. पत्त्यांचा खेळ दाखवणाऱ्या यंत्रात प्रत्येक पान येण्याची शक्यता खऱ्या पत्त्यांच्या जोडाइतकीच असली पाहिजे, असे तेथील नियम सांगतात. म्हणजे बावन्न पाने प्रामाणिकपणे पिसली जातात. फळांची चित्रे फिरवणाऱ्या यंत्राच्या पोटात काय दडले आहे हे बाहेरून कळत नाही. व्हिडिओ पोकरमध्ये मात्र बक्षिसांचा तक्ता काचेवरच लिहिलेला असतो, आणि शक्यता तर गणिताने ठरलेल्याच आहेत. विमान व अवकाश उद्योगात अभियंता असलेल्या लेनी फ्रोम यांच्यासारख्या मंडळींनी या खेळांचे परतावे काढून सामान्य खेळाडूंपर्यंत पोहोचवले. हा नियम नेवाडाचा आहे, हे मात्र विसरू नये. अमेरिकेतील मूलनिवासी जमातींच्या काही कॅसिनोंत पोकरसारखी दिसणारी, पण आतून बिंगोच्या सोडतीवर चालणारी यंत्रे असतात. तेथे पडद्यावरील पाने ही निव्वळ शोभा होय.

आता तक्त्याकडे वळू. सर्वांत जुना आणि सोपा खेळ ‘जॅक्स ऑर बेटर’. यात गुलाम किंवा त्याहून वरच्या पानांच्या जोडीला लावलेले पैसे परत मिळतात, दोन जोड्यांना दुप्पट, तीन सारख्यांना तिप्पट, अशी चढती भाजणी असते. सगळी मेख दोन ओळींत आहे : फुल हाउस (तीन सारखी आणि दोन सारखी) आणि फ्लश (एकाच जातीची पाच पाने). पूर्ण बक्षिसाच्या यंत्रावर या दोन ओळींत ९ आणि ६ असे आकडे असतात, आणि अचूक खेळल्यास त्याचा परतावा ९९.५४ टक्के येतो. शेजारच्याच, दिसायला हुबेहूब यंत्रावर ८ आणि ५ असू शकतात. तेथे परतावा ९७.३० टक्के. या दोन्ही संचांची वारंवारिता प्रत्येकी सुमारे १.१ टक्का असल्याने तक्त्यातील एक आकडा घटला, की परताव्यातील साधारण तेवढाच हिस्सा जातो.

या ‘८/५’ वर आणखी एक चकवा आहे. ‘बोनस पोकर’ नावाच्या खेळात हेच आकडे चांगले समजले जातात. कारण तेथे चार एक्क्यांना ८० पट, चार दुऱ्या-तिऱ्या-चौव्यांना ४० पट बक्षीस आहे आणि परतावा ९९.१७ टक्के पडतो. तेव्हा नुसते आकडे पाठ करून भागत नाही, ते कोणत्या खेळाच्या नावाखाली आहेत हेही पाहावे लागते. ‘ड्यूसेस वाइल्ड’मध्ये दुरी हे हुकमाचे पान असून ते कोणत्याही पानाची जागा घेते. तेथे पाहायची ओळ चार सारख्या पानांची. पूर्ण तक्त्यात तिला ५ पट मिळतात आणि परतावा १००.७६ टक्के होतो, म्हणजे खेळाडूचे पारडे जड. पण हा संच शंभरात साडेसहा वेळा येतो, म्हणून बाकी काहीही न बदलता पाचाचे चार केले, की परतावा ९४.३४ टक्क्यांवर घसरतो. शंभर टक्क्यांवरील हा तक्ता आज फार थोड्या ठिकाणी उरला आहे. त्याचा एक सुसह्य भाऊबंद मात्र अधिक आढळतो : चार सारख्यांना ४ च, पण फ्लशला ३ आणि फुल हाउसला ४ देणारा. त्याचा परतावा ९९.७३ टक्के.

ही झाली यंत्राची बाजू. योजनेची बाजू सदस्य कार्डावर चालते. हे कार्ड फुकट मिळते आणि यंत्रात सरकवले, की लावलेल्या प्रत्येक डॉलरमागे पॉइंट जमा होतात. येथे ‘लावलेला’ म्हणजे हरलेला नव्हे. वीस डॉलरची नोट घालून तेच पैसे पुन्हा पुन्हा फिरवले, तर पाचशे डॉलर लावले असेही होऊ शकते, आणि पॉइंट त्या पाचशेंवर मिळतात. पंचवीस सेंटच्या यंत्रावर पाच नाणी लावून एक डाव सव्वा डॉलरचा होतो. सराईत खेळाडू तासाला सहाशे डाव सहज खेळतो. म्हणजे ताशी ७५० डॉलरची उलाढाल. ९/६ च्या यंत्रावर तिची सरासरी किंमत ३.४५ डॉलर, ८/५ च्या जॅक्सवर २०.२५ डॉलर. समजा, डॉलरमागे एक पॉइंट आणि चारशे पॉइंटांना एक डॉलर असा दर आहे, म्हणजे पाव टक्का परत मिळतो. तिप्पट दिवशी तो पाऊण टक्का होईल. ९/६ वर त्या दिवशी ताशी सव्वादोन डॉलरच्या आतबाहेर फायदा दिसतो. ८/५ वर मात्र तिप्पट पॉइंट घेऊनही ताशी साडेचौदा डॉलर जातातच. नुसते बरोबरीत यायला त्या यंत्राला जवळजवळ अकरापट पॉइंट हवेत. दिवाळीच्या सेलमध्ये आधी भाव चढवून मग सूट जाहीर करणाऱ्या दुकानाची आठवण कोणाला झाली, तर ती अस्थानी म्हणता येणार नाही.

पण कॅसिनोचालक काही भाबडे नसतात. चांगल्या तक्त्याच्या यंत्रांवर पॉइंटांचा दर कमी ठेवण्याची पद्धत रूढ आहे. कधी डॉलरऐवजी दोन किंवा चार डॉलरमागे एक पॉइंट, कधी मुळीच नाही. निवडीचा खरा प्रश्न येथे उभा राहतो, आणि त्याचे उत्तर दर दिवशी बदलू शकते. एक उदाहरण घेऊ. परतावे खरे आहेत, पॉइंटांचे दर हिशेबापुरते धरले आहेत. बोनस पोकरवर (९९.१७) डॉलरमागे एक पॉइंट, ९/६ जॅक्सवर (९९.५४) दोन डॉलरमागे एक, आणि ९९.७३ च्या ड्यूसेसवर चार डॉलरमागे एक. साध्या दिवशी पॉइंट मिळवून ड्यूसेस ९९.७९ वर, जॅक्स ९९.६७ वर, बोनस पोकर ९९.४२ वर राहतो. ड्यूसेस पुढे. तिप्पट दिवशी तिघेही ९९.९२ वर येऊन ठेपतात; हवा तो खेळावा, त्यातही जो नीट येतो तो. सहापट दिवशी क्रम चक्क उलटतो : बोनस पोकर १००.६७, जॅक्स १००.२९, ड्यूसेस १००.११. जे यंत्र रोज सर्वांत मागे होते, तेच त्या दिवशी सर्वांत पुढे. म्हणून ‘उत्तम यंत्र कोणते?’ या प्रश्नाला योजनेचा तपशील हाती असल्याशिवाय उत्तर नाही. तक्त्यावरून परतावा, त्यात त्या यंत्राचा पॉइंटदर गुणिले पट, एवढीच ही बेरीज आहे; परंतु पॉइंटदर यंत्रावर बारीक अक्षरांत असतो किंवा मुळीच नसतो, तेव्हा सदस्य कक्षाच्या खिडकीवर विचारून घ्यावा.

चार सारख्या पानांवर जादा बक्षीस देणाऱ्या योजना वेगळ्या रीतीने मोजाव्या लागतात. जॅक्समध्ये असा संच सरासरी ४२३ डावांत एकदा येतो. प्रत्येक वेळी दोन डॉलर जादा मिळाले, तर सव्वा डॉलरच्या डावावर ही भर ०.३८ टक्क्याची होते. दोन डॉलर ऐकायला क्षुल्लक, पण तिप्पट पॉइंटांच्या निम्मे काम ते करतात. उलट ‘आजचे पान सत्ती, चार सत्त्यांना पन्नास डॉलर’ ही मोठी वाटणारी योजना साडेपाच हजार डावांत एकदा फळते. तिचे मोल साधारण पाऊण टक्का, आणि तेही कित्येक तास हाताला न लागणारे. ड्यूसेसमध्ये चार सारखी पाने वारंवार येत असल्याने तो खेळ या योजनेसाठी सोन्याची खाण ठरावा, असे कोणालाही वाटेल. नियमांत नेमके म्हणूनच ‘हुकमाच्या पानाविना’ अशी अट असते किंवा त्या यंत्रांना सरसकट वगळलेले असते.

सोडतीच्या चिठ्ठ्यांचे मोल बक्षिसाच्या रकमेला एकूण चिठ्ठ्यांनी भागून येते, आणि सोडतीच्या वेळी जातीने हजर राहावे लागत असेल तर रात्रीचा वेळही त्यात धरावा. ‘फ्री प्ले’ ही रोकड नव्हे. ती एकदा यंत्रातून फिरवावी लागते. ९/६ वर फिरवली तर ती जवळपास पूर्ण पदरात पडते, आणि एकदा फिरवून झाली की उठावे.

या सगळ्या टक्केवारीमागे अचूक खेळ गृहीत आहे आणि बहुतेकांचे गणित फसते ते येथेच. जॅक्समध्ये राणीची जोडी आणि एकाच जातीची चार पाने एकदम आली तर जोडी ठेवायची. पण जोडी सत्तीची असेल तर ती सोडून चार पाने ठेवायची. जोडीबरोबर ‘असू दे’ म्हणून एक्का राखणे ही नवख्यांची नेहमीची चूक. तयार फ्लश हातात असून त्यातली चार पाने रॉयलची असतील, तर फ्लश मोडायचा. मन धजत नाही, पण गणित तेच सांगते. खेळ बदलला की हे नियमही बदलतात. ड्यूसेसमध्ये जोडीला किंवा दोन जोड्यांना छदाम मिळत नाही आणि दुरी कधीही टाकायची नसते. योजना उत्तम म्हणून न येणाऱ्या खेळावर बसलेला माणूस योजनेपेक्षा जास्त टक्के चुकांत घालवून उठतो. कॅसिनोला सहापट पॉइंट परवडतात ते अशाच खेळाडूंमुळे. सराव घरी संगणकावर, पैसे न लावता करता येतो. याच कामाचे आणखी एक पथ्य : नेहमी पाच नाणी. रॉयल फ्लशला पाच नाण्यांवर ४,००० नाणी मिळतात, एका नाण्यावर अवघी २५०. कमी नाणी लावली तर एक टक्क्याहून अधिक परतावा आपणच सोडून देतो.

रॉयल फ्लशविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. ९/६ जॅक्समध्ये तो सरासरी ४०,३९१ डावांत एकदा येतो, म्हणजे ताशी सहाशेच्या वेगाने सदुसष्ट तासांनी. परताव्यातले १.९८ टक्के एकट्या त्याचे आहेत. तो येईपर्यंत यंत्र प्रत्यक्षात साडेसत्त्याण्णव टक्क्यांचे असते, आणि एवढे डाव खेळूनही तो न येण्याची शक्यता ३७ टक्के आहे. वरच्या उदाहरणातील सहापट दिवशी बोनस पोकरवर सलग सहा तास बसले, तर सरासरी फायदा तीस डॉलर. पण नशिबाचा नेहमीचा हेलकावा दोन्ही बाजूंना सुमारे ३४० डॉलर. सरासरी फायदा ताशी पाच डॉलर, तर नेवाडातील किमान वेतन २०२४ पासून ताशी बारा डॉलर आहे. बॉब डान्सर यांनी सहा महिन्यांत दहा लाख डॉलर जिंकल्याची हकिगत २००३ च्या पुस्तकात लिहिली, ती खरी आहे. मात्र ती अत्यंत मोठ्या रकमांच्या यंत्रांवरील, योजनांच्या अभ्यासाची आणि नशिबाचीही आहे.

आपल्याकडे हे गणित जसेच्या तसे लावू नये. गोव्यात १९७६ च्या कायद्यातील १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना वाट मिळाली, पण नेवाडाचा नियम नेवाडापुरताच आहे. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदीच घातली. मोबाइलवर येणारे ‘स्वागत बोनस’ या हिशेबात बसवण्याचा प्रश्नच उरत नाही.

भारतीय पर्यटकाच्या बेरजेत एक रकाना अमेरिकन खेळाडूपेक्षा जास्तीचा असतो, तो कराचा. यंत्रावरील एकाच डावाचे बक्षीस ठरावीक मर्यादेला पोहोचले, की ते हाती देताना कॅसिनो नोंद करतो आणि परदेशी नागरिकाच्या रकमेतून ३० टक्के कर कापून घेतो; हरलेली रक्कम वजा करण्याची सोय त्याला नाही. ही मर्यादा अनेक वर्षे १,२०० डॉलर होती, २०२६ पासून ती २,००० केली आहे. पंचवीस सेंटच्या यंत्रावरचा रॉयल १,००० डॉलरचा, म्हणजे मर्यादेखाली राहतो. एक डॉलरच्या यंत्रावर तो ४,००० चा होतो आणि त्यातले १,२०० जागीच जातात. परताव्याच्या भाषेत ही घट ०.५९ टक्क्याची, म्हणजे ९/६ यंत्राच्या स्वतःच्या ०.४६ टक्के तोट्याहूनही मोठी. मोठ्या यंत्रावर पॉइंट लवकर साठतात, पण तिप्पट दिवसाच्या पाऊण टक्क्यातला बहुतेक हिस्सा या एका रकान्यात जातो.