आगंतुक झाडे, त्यांची नावे आणि पाणलोट : बंगळुरूच्या संदर्भातील एक इतिहास

१.

बंगळुरू हे मोठ्या नदीच्या काठी वसलेले शहर नव्हे. पठाराच्या उंच भागावर उभ्या असलेल्या या नगराने शतकानुशतके पावसाचे पाणी तळ्यांत अडवून गुजराण केली. १८९० च्या दशकात अर्कावती नदीवरील हेसरघट्टा तलावातून शहराला नळाचे पाणी मिळू लागले. १९३३ मध्ये त्याच नदीवर तिप्पगोंडनहळ्ळी येथे जलाशय उभा राहिला. आणि १९७४ पासून कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून, जवळजवळ ५०० मीटर वर चढवून आणले जाऊ लागले. प्रत्येक टप्प्यागणिक पाण्याचा उगम नागरिकांच्या दृष्टीआड होत गेला. आज शहरातील घरात नळ सोडणाऱ्याचा संबंध कोडगू, नागरहोळे, बंदीपूर आणि बिळिगिरिरंगन डोंगररांग येथील अरण्यांशी जडलेला असतो. मात्र त्या संबंधाची जाणीव त्याला क्वचितच असते.

या अरण्यांत व अर्कावतीच्या जुन्या पाणलोटात गेल्या दोन शतकांत बाहेरून आलेल्या वनस्पती पसरत गेल्या. त्यांच्या बंदोबस्ताचा इतिहास सामान्यतः कीटकशास्त्र व वनव्यवस्थापन या शाखांच्या अंगाने लिहिला जातो. प्रस्तुत निबंधात त्याच्या जोडीला लोकभाषेने केलेल्या नोंदीचाही विचार केला आहे. नियंत्रणाचे बहुतेक प्रयत्न एकदाच करावयाची कारवाई म्हणून हाती घेतले गेले. याउलट देखरेख हे पिढ्यान्‌पिढ्या चालणारे काम असते, आणि ते ज्यांच्या हाती होते त्यांनाच या अरण्यांतून बाजूला सारण्यात आले, असे या इतिहासाच्या अवलोकनातून दिसते.

२.

परकी वनस्पती भाषेत शिरते तेव्हा तिला मिळणारे नाव ही एक प्रकारची आवकनोंदच असते. मराठीत लँटाना कॅमारा या झुडपाला ‘घाणेरी’ किंवा ‘टणटणी’ म्हणतात. पहिले नाव पाने चुरडली असता येणाऱ्या उग्र वासावरून पडले. झुडूप कोठून आले याचा त्यात मागमूस नाही. दोन शतकांच्या सहवासाने घाणेरी भाषेत घरचीच झाली. ‘वेडी बाभूळ’ हे नाव मात्र सावध आहे. प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा या झाडाला गुजरातीतही ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळच, म्हणतात. तमिळमध्ये ते ‘सीमै करुवेलम्’ म्हणजे परदेशी करुवेल होते, तर कन्नडमध्ये ‘बळ्ळारी जाली’ असे शेजारच्या जिल्ह्याचे नाव घेते. झाड ओळखीचे वाटते, पण त्याची वागणूक ओळखीची नाही, हा अनुभव या नावांमागे आहे.

पुढील काळात आलेल्या वनस्पतींच्या नावांत राजकारण उतरले. जलपर्णीला पहिल्या महायुद्धाच्या काळात बंगालमध्ये ‘जर्मानी पाना’ म्हटले गेले. केरळात क्रोमोलीना ओडोराटा ही वनस्पती ‘कम्युनिस्ट पच्चा’ झाली. मराठीने तिलाच ‘रानमोडी’ हे अर्थवाही नाव दिले. पार्थेनियम मराठीत पानांच्या आकारावरून ‘गाजरगवत’ ठरले, आणि ‘काँग्रेस’ हे त्याचे दुसरे नाव मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत रुळले. हे गवत अमेरिकेकडून आलेल्या गव्हातून देशात शिरले, ही लोकसमजूत या नावाशी निगडित आहे. पुण्यात त्याची प्रसिद्ध नोंद १९५५ मधील; पी. एल. ४८० खालील पहिला करार मात्र १९५६ चा. तथापि अमेरिकन गहू त्यापूर्वीही, १९५१ च्या कर्जाखाली, आलेला होता. म्हणजे लोकस्मृती सनावळीत चुकली असली तरी तिने संशयाची दिशा अकारण धरलेली नव्हती.

३.

घाणेरी भारतात आणली गेली ती शोभेचे झुडूप म्हणून. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात ती १८०७ च्या सुमारास पोहोचली. तेथून कुंपणे, मळे व छावण्या यांच्या मार्गाने ती दक्षिणेत पसरली. हैदर अलीने आरंभलेले आणि १८५६ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान झालेले बंगळुरूचे लालबागही देशोदेशींच्या रोपांच्या देवघेवीचे केंद्र होते. वसाहतकाळातील उद्यानांनी उपयुक्त व सुंदर झाडांच्या याद्या काटेकोर ठेवल्या. कुंपणाबाहेर गेलेल्या झाडाचे पुढे काय झाले, याची नोंद ठेवणे हे मात्र कोणाचेच काम नव्हते.

बंदोबस्ताची पहिली शास्त्रीय पावले विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पडली. वाय. रामचंद्र राव यांनी घाणेरीवर जगणाऱ्या कीटकांची पाहणी केली व ती १९२० मध्ये प्रसिद्ध झाली. १९२१ मध्ये हवाई बेटांतून घाणेरीच्या बियांवर उपजीविका करणारी माशी आणण्यात आली; ती तगली, पण झुडपाचा प्रसार थांबला नाही. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून डेहराडूनला आणलेला एक कीटक सागाच्या फुलोऱ्यावरही जगतो असे आढळल्याने त्याची पैदास नष्ट करण्यात आली. तरीही पुढे तो बाहेर आढळलाच.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जैविक नियंत्रणाच्या संशोधनाचे केंद्र बंगळुरू झाले. १९८० च्या दशकात हेसरघट्ट्याच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेत के. पी. जयंत यांनी केलेले काम या क्षेत्रात महत्त्वाचे मानले जाते. मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा भुंगेरा १९८४ मध्ये गाजरगवतावर सोडण्यात आला आणि बंगळुरूच्या परिसरात त्याने पावसाळ्यात गवताची पाने फस्त केली. १९९० च्या दशकाच्या आरंभी तो सूर्यफुलावर दिसल्याच्या वार्तेने वाद उद्भवला व चौकशी करावी लागली. जलपर्णीवर सोडलेल्या सोंड्या भुंगेऱ्यांनी शहराच्या काही तळ्यांत लक्षणीय यश मिळवले. परंतु तळ्यांत मैलापाणी येतच राहिले आणि त्यातील पोषक द्रव्यांवर जलपर्णी पुनःपुन्हा फोफावली. भुंगेरा पाने खाऊ शकतो. गटाराचे तोंड बंद करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते.

अर्कावतीच्या पाणलोटाची कथा याहून वेगळी, कारण तेथे आगंतुक झाड हेतुपुरस्सर लावले गेले. टिपू सुलतानाच्या काळात, १७९० च्या सुमारास, नंदी डोंगरावर निलगिरीची लागवड झाल्याचे सांगितले जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी योजनांनी आणि मजुरीची चणचण असलेल्या जमीनमालकांनी ती शेतांत आणली. बंगळुरूनजीक होसकोटे येथे झालेल्या अभ्यासांत, खोल मातीत निलगिरी पडलेल्या पावसापेक्षाही अधिक पाणी शोषते असे दिसून आले. मुळे जमिनीतील साठ्यापर्यंत पोहोचतात, हे त्याचे कारण. अर्कावती का आटते याचा शोध घेणाऱ्या अलीकडच्या संशोधनाने विंधनविहिरींच्या उपशाबरोबर या लागवडीकडेही बोट दाखवले. कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. तोवर हेसरघट्ट्याचा प्रवाह शहराच्या हिशेबातून जवळजवळ बाद झाला होता.

४.

बिळिगिरिरंगन डोंगररांगेतील पाणी सुवर्णावतीसारख्या उपनद्यांतून कावेरीत उतरते. सोलिगा हे या अरण्याचे जुने रहिवासी. त्यांच्या वस्तीला ‘पोडू’ म्हणतात. १९७४ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले. फिरती शेती थांबली, पोडू एका जागी बसवण्यात आले आणि रानात आग लावण्यास बंदी झाली. बंगळुरूच्या ‘अत्री’ या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी येथील घाणेरीचे मोजमाप केले. १९९७ ची पाहणी २००८ मध्ये पुन्हा केली असता, घाणेरी असलेल्या जागांचे प्रमाण अकरा वर्षांत जवळजवळ दुप्पट झाल्याचे आढळले.

या प्रसाराची दोन कथने उपलब्ध आहेत. २००५ मध्ये अंकिला हिरेमठ व भारत सुंदरम यांनी मांडलेल्या प्रमेयानुसार, माणसाने वारंवार लावलेल्या आगींमुळे अरण्य उघडे पडते, तेथे घाणेरी शिरते, तिचा वाळलेला पाला पुढच्या आगीला इंधन पुरवतो, आणि हे चक्र चालू राहते. सोलिगांचे कथन नेमके उलट दिशेचे आहे. हिवाळ्याच्या अखेरीस पाचोळ्याला लावलेली हलकी आग, त्यांच्या भाषेत ‘तरगु बेंकी’, घाणेरीची कोवळी रोपे व आवळ्यावरील बांडगूळ आटोक्यात ठेवीत असे. आग बंद झाली आणि घाणेरी माजली. उल्लेखनीय म्हणजे हे कथन २०१२ मध्ये याच अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह शास्त्रीय नियतकालिकात सादर केले, आणि पूर्वीच्या प्रमेयाला मुरड घालण्याची तयारी दाखवली.

तौलनिक दृष्टीने पाहता या दोन कथनांतील विरोध ‘आग’ या एका शब्दात सामावलेला आहे. वनखात्याच्या भाषेत आग म्हणजे आपत्ती. तिचे प्रकार नाहीत, ऋतू नाहीत. सोलिगांच्या भाषेत पाचोळ्याच्या आगीला स्वतंत्र नाव आहे, कारण ती भर उन्हाळ्यातल्या वणव्याहून निराळी आहे. प्रशासनाने दोहोंना एकच शब्द वापरला आणि एकच नियम लावला. तथापि जुनी रीत जशीच्या तशी परत आणणे आता शक्य नाही. माणसाहून उंच वाढलेल्या घाणेरीत लागलेली आग जमिनीवर राहत नाही. ती झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढते. फेब्रुवारी २०१९ मधील बंदीपूरच्या मोठ्या वणव्यानंतर या इंधनाची चर्चा नव्याने झाली. म्हणून आधी झुडूप काढणे क्रमप्राप्त ठरते. दिल्लीचे सी. आर. बाबू यांनी रूढ केलेल्या पद्धतीत मुख्य मूळ जमिनीखाली तोडून झुडूप उलटे ठेवतात, जेणेकरून ते पुन्हा फुटत नाही. महादेश्वर डोंगरात घाणेरीच्या फोकांपासून वेताप्रमाणे सामान बनवण्याचा उद्योगही उभा राहिला. पण फोक तोडल्याने मूळ मरत नाही, हे ध्यानात ठेवावे लागते.

५.

याच प्रश्नाला दक्षिण आफ्रिकेने दिलेले उत्तर तुलनेसाठी उपयुक्त आहे. केप प्रांतातील डोंगरी पाणलोटांत परक्या वृक्षांमुळे ओढ्यांचा प्रवाह घटतो हे तेथे दीर्घकालीन मापनातून ठाऊक झाले होते. १९९५ मध्ये, कादर अस्माल जलमंत्री असताना, बेरोजगारांना मजुरी देऊन ही झाडे काढण्याचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. सर्व उद्दिष्टे साध्य झाली नसली तरी, शहराला पाणी मिळावे म्हणून रानाची निगा राखावयाची आणि तिचा खर्च पाण्याच्या खात्याने सोसावयाचा, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले. बंगळुरूत पाणीपुरवठा, अरण्य आणि संशोधन यांची दफ्तरे वेगवेगळी राहिली.

२०११ मध्ये बिळिगिरिरंगन अरण्य व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले आणि त्याच वर्षी वनहक्क कायद्याखाली सोलिगांना सामूहिक हक्क मिळाले. पाणलोटाच्या देखरेखीचा प्रश्न या हक्कांशी निगडित आहे. कारण दर वर्षी रोप उपटणारा, पुन्हा उगवले का हे पाहणारा माणूस तेथे राहणाराच असू शकतो.

या देखरेखीची निकड पुढच्या आगंतुकाने दाखवून दिली आहे. सामाजिक वनीकरणात शोभेसाठी लावलेला सेना स्पेक्टॅबिलिस हा पिवळ्या फुलांचा वृक्ष वायनाड, नागरहोळे व बंदीपूर येथे, म्हणजे थेट कबिनीच्या पाणलोटात, पसरला आहे. मलयाळममध्ये त्याला ‘मञ्ञक्कोन्ना’ म्हणतात. विषूच्या सणाला घरोघरी लागणारी ‘कणिक्कोन्ना’, म्हणजे मराठीतला बहावा, तिच्याच नात्यातले हे नाव. घाणेरी आपलीशी व्हायला शतक लागले. हा वृक्ष अंगणातल्या सणाच्या फुलाचे नाव घेऊनच दाखल झाला. जंगलात तो ओळखून वेगळा काढण्याचे काम आता त्या नावाच्या विरोधात जाऊन करावे लागणार आहे.