रानपिंगळ्याची चिठ्ठी

खोटा पुरावा हा पुराव्याच्या अभावाहून अधिक घातक, असें आम्हांस वाटतें. केवळ भारतांत आढळणाऱ्या रानपिंगळ्याचेंच पाहा. ह्यूमसाहेबांनीं १८७३ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. १८८४ नंतर मात्र तो कोणास दिसेना. पुढें कर्नल माइनर्टझागेन यांनीं ब्रिटिश म्युझियममधील जुना नमुना चोरून त्यावर १९१४ सालची, गुजराथेंतील मांडवीची चिठ्ठी डकविली. तिच्यावर विसंबणारे शोधक भलत्याच रानांत हिंडले. ही लबाडी ध्यानीं आल्यावर पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी खऱ्या नमुन्यांच्या नोंदींवरून खानदेशांत शहाद्यानजीक आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं तेथील पानगळीच्या रानांत तो दिसला. तोंवर ११३ वर्षें लोटलीं होतीं. वाचकहो, चिठ्ठी लिहिणाऱ्याचा हात किती दूरवर पोंचतो, हें यावरून कळेल.