अजून लय टाइम आहे!

मागच्या आठवड्यात गावाकडे, धर्मापुरीला गेलो होतो. संध्याकाळी केदारेश्वराच्या मंदिरात बसलो होतो, सोबत चुलतभाऊ. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सहज विचारलं, "प्रोजेक्टचं कुठवर आलं रे?" मोबाइलमधून मान वर न काढता तो म्हणाला, "अजून लय टाइम आहे दादा. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केलाय की."

मला हसू आलं नाही. कारण आमचाही ग्रुप होता. चौघं होतो. ऑगस्टमध्ये विषय ठरला, दिवाळीपर्यंत 'बघू', संक्रांतीपर्यंत 'करू', आणि सबमिशनच्या आधी तीन रात्री एकट्या मित्राने जागून सगळा कोड लिहिला. मी काय केलं? पीपीटीचे रंग बदलले. व्हायवाला झोपेने तारवटलेला तो अडखळला आणि मी मात्र झोप पूर्ण करून फाडफाड बोललो. मार्क मला जास्त पडले. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

घरची मंडळी म्हणतात, हा आळस मोबाइलने आणला. इतिहास काही वेगळंच सांगतो.

१८७९ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाचा करार झाला. अंदाज काय होता? चार खंड, दहा वर्षं. १८८४ मध्ये पहिला भाग छापून आला तेव्हा गाडी 'ए'पासून निघून 'अँट', म्हणजे मुंगीपर्यंत पोचली होती. पाच वर्षांत मुंगी! संपादक जेम्स मरे १९१५ मध्ये वारले आणि कोश पुरा झाला १९२८ साली. ही माणसं आळशी मुळीच नव्हती. फक्त काम केवढं आहे याचा अंदाज चुकला.

आणि तो आपला सगळ्यांचाच चुकतो. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. सांगितलेल्या वेळेत पुरं करणारे दहातले जेमतेम तीन. म्हणजे 'लय टाइम आहे' असं म्हणणारा खोटं बोलत नसतो, त्याला मनापासून तसं वाटत असतं.

आता आपल्या मराठीतला सगळ्यात धाडसी ग्रुप प्रोजेक्ट घ्या. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी घेऊन परत आले आणि १९१५-१६ च्या सुमारास त्यांनी नागपुरात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचं काम हाती घेतलं. जगातलं ज्ञान मराठीत आणायचं होतं. मागे सरकार नाही, विद्यापीठ नाही. त्यांनी त्यासाठी चक्क कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा केले, सहकारी जमवले. पुढे काम पुण्यात आलं. १९२० चं दशक संपता संपता २३ खंड उभे राहिले. या प्रवासावर केतकरांनी स्वतःच पुस्तक लिहिलं. नाव काय, तर 'माझे बारा वर्षांचे काम'.

यात एक गंमत आहे. 'अ' या अक्षराला हात लागला तो सहाव्या खंडात! त्याआधीचे पाच खंड नुसती प्रस्तावना. रिपोर्टच्या इंट्रोडक्शनमध्येच महिना घालवणाऱ्यांनो, तुमची परंपरा थोर आहे. पण फरक बघा. केतकरांनी ती प्रस्तावना 'सगळं झाल्यावर दाखवू' म्हणून पेटीत ठेवली नाही. तयार झालेला खंड छापला, लोकांच्या हातात दिला. पुढच्या खंडाची वाट बघणारा माणूस तयार झाला. बारा वर्षांनंतरची एकच डेडलाइन कुणालाच दिसत नाही, पुढच्या खंडाची मात्र दिसते.

दुसरी गोष्ट माणसांची. या कामात तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे पुढे 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे संपादक झाले. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात खंड निघाले. म्हणजे पहिल्या प्रोजेक्टमधून नुसतं पुस्तक निघालं नाही, काम कसं उरकायचं हे जाणणारी माणसंही निघाली. आमच्या प्रोजेक्टमधून असा एकच माणूस निघाला. तीन रात्री जागलेला.

याची किंमतही सांगायला हवी. केतकरांच्या वाट्याला पैशाची ओढाताण आली आणि १९३७ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते गेले. सगळं ओझं एका खांद्यावर आलं की काम होतं, पण तो खांदा झिजतो.

हा भाग रेकॉर्ड करण्याआधी त्या मित्राला फोन केला. व्हायवाचं बोललो, सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "सॉरी राहू दे रे. मलाही तुम्हाला विचारायची लाज वाटायची, कुठवर आलं म्हणून. दोस्तीत कसं विचारायचं?" तेव्हा लक्षात आलं की आम्हाला वेळ कमी पडला नव्हता. चौघांपैकी कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

म्हणून मी चुलतभावाला टाइमटेबल करून दिलं नाही. मंदिराच्या भिंतीवरच्या मूर्ती दाखवल्या. म्हटलं, हे सगळं एका हाताने झालेलं नाही आणि शेवटच्या रात्री तर नाहीच नाही. मग त्याच्याच मोबाइलवर कामाचे चार तुकडे केले, प्रत्येकापुढे एकेक नाव घातलं. ठरलं असं की दर रविवारी प्रत्येकाने ग्रुपवर काहीतरी चालणारं दाखवायचं. अर्धवट असलं तरी चालेल. ज्याने दाखवलं नाही त्याला बाकीच्यांनी विचारायचं, आणि विचारलं म्हणून कुणी रुसायचं नाही.

पहिल्या रविवारी चौघांपैकी दोघांनीच टाकलं. भाऊ म्हणाला, "आता त्या दोघांना मी कसं विचारू, दादा?"

म्हटलं, "आजच विचार. मार्चमध्ये विचारणं जास्त अवघड जातं."

तुमच्या ग्रुपमध्ये आज कुणाला विचारायचं राहिलंय? हेडफोन काढा आणि एक मेसेज टाका. भेटू पुढच्या भागात.