आपली ओळख आपणच सांगणारी फाइल

१/ २० जुलै १९७६. ‘व्हायकिंग १’ हे अमेरिकी यान मंगळावर उतरले. तेथील मातीत जीवसृष्टीचा माग काढणाऱ्या प्रयोगांच्या नोंदी पृथ्वीवर चुंबकीय फितींमध्ये साठवण्यात आल्या. पुढे याच नोंदी एका मोठ्या धड्याचे निमित्त ठरल्या. #धागा

२/ १९९९ मध्ये जोसेफ मिलर या संशोधकाने त्या नासाकडे मागितल्या. फिती सापडल्या, पण त्यांची मांडणी उलगडेना. ती जाणणारे प्रोग्रामर मागे उरले नव्हते. अखेर मूळ प्रयोगकर्ते गिल्बर्ट लेव्हिन व पॅट्रिशिया स्ट्राट यांनी जपलेल्या छापील कागदांवरून काही भाग हाती आला.

३/ असे का घडले? फाइलीत असतात केवळ बाइट. चार बाइट म्हणजे एक पूर्णांक, एक दशांश संख्या की चार अक्षरे, हे ते स्वतः सांगत नाहीत. आकडा तापमानाचा की दाबाचा, हेही नाही. ते ज्ञान वेगळ्या कागदावर किंवा माणसाच्या स्मरणात असे. कागद हरवला, माणूस गेला, की आकडे मुके होत.

४/ खगोलशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये ‘फिट्स’ ही मांडणी प्रसिद्ध केली. तिच्या आरंभीच ८० अक्षरांच्या ओळींत पुढील मजकुराचे वर्णन असते. १९८५ मध्ये नासाच्या गॉडार्ड केंद्रात ‘सीडीएफ’चे काम सुरू झाले. त्याच कल्पनेवरून बोल्डर येथील ‘युनिडेटा’मध्ये ग्लेन डेव्हिस आणि रस रू यांनी ‘नेटसीडीएफ’ घडवले. त्याची फाइल कोणत्याही बनावटीच्या संगणकावर वाचता येई.

५/ या फाइलीला प्रश्न विचारता येतात. प्रोग्राम प्रथम विचारतो, ‘तुझ्यात चले किती?’ मग शून्यापासून एकेका क्रमांकाच्या चलाचे नाव आणि प्रकार विचारतो. प्रकाराचे उत्तर सांकेतिक अंकात येते: ४ म्हणजे पूर्णांक, ५ म्हणजे साधी दशांश संख्या, ६ म्हणजे दुप्पट अचूकतेची. फाइल पूर्वी कधीही न पाहिलेला प्रोग्रामही ती वाचू शकतो.

६/ तरीही नाव म्हणजे अर्थ नव्हे. ‘टी’ हे चल तापमानाचे की काळाचे? म्हणून एकके आणि प्रमाण नावे लिहिण्याचे संकेत ठरवावे लागले. हवामानशास्त्रातील ‘सीएफ’ संकेतांची पहिली आवृत्ती २००३ ची.

७/ आज पुण्याचे हवामान खाते १९०१ पासूनच्या भारतातील दैनंदिन पर्जन्याच्या नोंदी नेटसीडीएफमध्ये उपलब्ध करून देते. शतकापूर्वीच्या पावसाचा आकडा आपले नाव आणि प्रकार सोबत घेऊन येतो.

८/ ताम्रपट कोरणाऱ्याला हे ठाऊक होते. दाता कोण, दान कोणाला, गावाच्या सीमा कोणत्या, शक कोणता, हे सारे तो त्याच पत्र्यावर कोरी. साक्षीदार कायम हयात राहत नाहीत. म्हणून साक्ष वस्तूतच असावी लागते.