शिडी आणि संहिता : यंत्रनियंत्रणाच्या भाषा

वाकडच्या पश्चिमेस हिंजवडीचे संगणक-उद्यान आहे. पूर्वेस पिंपरी-चिंचवडचे व उत्तरेस चाकणचे कारखाने आहेत. आज्ञावली लिहिणारे व यंत्र चालविणारे असे दोन वर्ग येथे शेजारी नांदतात. त्यांना जोडणाऱ्या भाषांचा इतिहास मात्र इलेक्ट्रॉनिकीतील एका शोधाचे परिशिष्ट म्हणून सांगितला जातो. वस्तुतः क्रम उलटा आहे : भाषा अगोदरची, नियंत्रक नंतरचा.

मोटार-कारखान्यांतील यंत्रांचे नियंत्रण पूर्वी रिलेंनी भरलेल्या कपाटांतून होई. मोटारीचा नमुना बदलला की तारा सोडवून पुन्हा जोडाव्या लागत. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने या कपाटांस पर्याय मागितला, आणि डिक मोर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘मोडिकॉन ०८४’ हा नियंत्रक १९६९ मध्ये पुढे आला. त्यास आज्ञा द्यावयाच्या त्या शिडीच्या आकृतीने : दोन उभ्या रेषा, मध्ये आडव्या पायऱ्या, पायरीवर संपर्क व शेवटी कॉइल. संपर्क एकापुढे एक असल्यास ‘आणि’, समांतर असल्यास ‘किंवा’. ही चिन्हे कोणा तर्कशास्त्रज्ञाने योजिली नव्हती. रिलेच्या कपाटाचा नकाशा वीजतंत्री याच चिन्हांत वाचीत आले होते.

शिडी ही मागासलेली भाषा होय, असा अभिप्राय अभियंत्यांत वारंवार आढळतो. दीर्घ आकडेमोडीस ती गैरसोयीची आहे, हे खरे. परंतु रात्रपाळीत यंत्र अडले असता पडद्यावर कोणत्या संपर्काशी प्रवाह थांबला हे ती दाखविते, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून आलेला वीजतंत्री तेवढ्यावरून बिघडलेल्या स्विचापर्यंत पोहोचतो. तीच आज्ञावली संहितेच्या रूपात लिहिली, तर बहुधा ती लिहिणाऱ्यालाच बोलवावे लागते. यंत्र वाचण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न येथे भाषेच्या निवडीतच गुंतलेला आहे.

चाकण येथे बजाज ऑटोचा कारखाना १९९९ साली व फोक्सवॅगनचा २००९ साली सुरू झाला. तोवर, १९९३ मध्येच, आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तांत्रिक आयोगाच्या मानकाने शिडीच्या जोडीस पास्कलच्या वळणाची संरचित संहिता, आज्ञासूची, खंडाकृती व क्रमालेख यांना मान्यता दिली होती. त्यांपैकी आज्ञासूची २०२५ च्या चौथ्या आवृत्तीने वगळली. शिडी कायम राहिली.