जुन्या गाडीचे वंगण

इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली ‘एमजीबी’ ही स्पोर्ट्स कार आजही कित्येकांनी जिवापाड सांभाळली आहे. तिच्या मालकापुढील प्रश्न दिसावयास क्षुल्लक: इंजिनात तेल कोणते घालावे? नवे तेच उत्तम, असे मानून चालणे मात्र महागात पडण्याचा संभव असतो.

तिच्या १७९८ घन सेंटिमीटरच्या इंजिनात कॅमशाफ्टचा उंचवटा सपाट बुडाच्या टॅपेटवर घासत फिरतो. स्पर्श इवल्याशा जागी, दाब प्रचंड. नुसत्या तेलाचा तेथे निभाव लागत नाही. १९४० नंतरच्या दशकात जस्त व फॉस्फरस असलेले एक संयुग तेलात मिसळू लागले, ते तेल आंबू नये आणि बेअरिंगे गंजू नयेत, एवढ्याचसाठी. तापलेल्या धातूवर पातळ थर धरून ते झीजही थोपविते, हा त्याचा खरा मोठा गुण मागाहून उमगला!

पुढे गाड्यांच्या धुरावर निर्बंध आले आणि धूर शुद्ध करणारे उत्प्रेरकाचे नळकांडे बसू लागले. फॉस्फरस त्यास मारक. म्हणून २००४ च्या अमेरिकन मानकाने पातळ तेलांतील फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर आणून ठेविला. अनेक नव्या इंजिनांत घासणाऱ्या टॅपेटऐवजी फिरते रूळ असल्याने त्यांचे काही अडले नाही. अडले ते जुन्यांचे.

२०डब्ल्यू-५० या दाट तेलास ती मर्यादा लागू नव्हती. एमजीबीस मानवते तेही हेच. तथापि डब्यावरील दाटपणाच्या आकड्यावरून आतील फॉस्फरस कळत नाही; त्यासाठी उत्पादकाचे माहितीपत्रकच पाहावे लागते.