रॅगिंग आणि दीक्षाविधी : सीमारेषा कोठे?

नवागतांना समूहात सामावून घेण्याचे विधी शिक्षणसंस्थांइतकेच जुने आहेत आणि त्यांच्या अतिरेकाची तक्रारही तितकीच जुनी. रोमन सम्राट जस्टिनियन याने इ.स. ५३३ मध्ये कायदेशिक्षणाची फेररचना केली, तेव्हा बैरूत व कॉन्स्टँटिनोपल येथील नव्या विद्यार्थ्यांवर इजा करणारे 'खेळ' लादण्यास स्पष्ट मनाई केली होती.

'त्यातून माणूस घडतो' हा युक्तिवाद

रॅगिंगचे समर्थक दोन कारणे देतात : त्यातून मन खंबीर होते आणि आपुलकी वाढते. यांपैकी आपुलकीचा अनुभव खोटा नसतो, मात्र त्याचे मूळ वेगळे असते. एलियट अ‍ॅरन्सन व जडसन मिल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये ६३ विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला. चर्चागटात प्रवेश मिळवण्यासाठी काहींना अधिक लाजिरवाण्या चाचणीतून जावे लागले. त्यानंतर सर्वांना ऐकवलेली चर्चा मुद्दामच नीरस होती. तरीही कठोर चाचणी दिलेल्यांना ती अधिक रोचक वाटली. सोसलेला त्रास व्यर्थ गेला, हे मान्य करणे मनाला जड जाते. म्हणूनच कालचा पीडित 'आम्हीही सोसले' असे म्हणत उद्या पीडा देणारा होतो. जिव्हाळा वाढला एवढ्यावरून चारित्र्य घडले, हे सिद्ध होत नाही.

घडवणारी परंपरा

स्काऊट-गाइड चळवळीतील दीक्षाविधी याच्या उलट आहे. प्रतिज्ञा, नियम, सलामी यांची तयारी आधी करून घेतली जाते. काय करायचे ते नवागताला ठाऊक असते. विधी सर्वांसमक्ष, मार्गदर्शकांच्या उपस्थितीत होतो. काही शाळांत वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडे नव्या मुलाची जबाबदारी सोपवतात. तेथे ज्येष्ठत्वाचा अर्थ अधिकार नसून कर्तव्य असा असतो.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंध कायद्यात दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दोषी विद्यार्थ्याला संस्थेतून काढले जाते आणि पाच वर्षे अन्यत्र प्रवेश मिळत नाही. तक्रारीकडे दुर्लक्ष करणारा संस्थाप्रमुखही अपप्रेरणेचा दोषी मानला जातो. गोव्यात २००८ चा स्वतंत्र कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या राघवन समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात रॅगिंगमुळे विद्यार्थ्याचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांसाठी विनियम लागू केले. विद्यार्थी एरवी करणार नाही आणि ज्याने त्याला लाज वा यातना होईल, असे कृत्य करायला लावणे हेही त्यांनुसार रॅगिंगच ठरते.

ओळखण्याच्या कसोट्या

• विधीचे स्वरूप आधी सांगितले जाते का?
• नकार दिल्यास शिक्षा वा बहिष्कार होतो का?
• तो शिक्षक व पालकांसमोर करता येईल का?
• नवागत त्यातून काही शिकतो, की केवळ सोसतो?
• विधी घेणारे स्वतः काही जबाबदारी उचलतात का?

यांत गुप्तता व नकाराची भीती या दोन खुणा सर्वांत निर्णायक होत. 'संमती होती' हा बचाव येथे टिकत नाही, कारण वसतिगृहात एकट्या पडलेल्या नवागताची संमती क्वचितच मुक्त असते. उच्च शिक्षणातील विद्यार्थी व पालकांना आयोगाच्या १८००-१८०-५५२२ या निःशुल्क मदतवाहिनीवर तक्रार करता येते.